इशारा पातळी 39 फूट

जून सरला की कोल्हापुरात माणसे एकमेकांची खुशाली विचारण्याआधी पंचगंगेची पातळी विचारतात. राजाराम बंधाऱ्यावर किती फूट झाले, किती बंधारे पाण्याखाली गेले, राधानगरी धरणाचा कितवा स्वयंचलित दरवाजा उघडला, हे शाळेच्या शिपायापासून मंडईतल्या भाजीवालीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असते. 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, हे दोन आकडे इथे कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. आमच्या घरात मात्र त्यांना आणखी एक अर्थ आहे. मी एखाद्या रात्री पाच तासांपेक्षा कमी झोपले आणि तरीही सकाळी ताजीतवानी उठले, तर ती इशारा पातळी. लागोपाठ दुसऱ्या रात्रीही तसेच घडले, तर धोका पातळी. ही परिभाषा माझ्या यजमानांनी ठरवली. ते उद्यमनगरात फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न बनवतात, मोजमापाशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नाही, आणि डॉक्टरांनी माझ्या आजाराला दिलेले नाव त्यांच्या जिभेवर अजूनही नीट रुळलेले नाही.

नाव आहे बायपोलर डिसऑर्डर. मराठीत द्विध्रुवीय मनोविकार म्हणतात. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे ध्रुव म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर पट्टीचुंबक येतो आणि तिथेच हे नाव मला अपुरे वाटू लागते. चुंबकात दोन ध्रुवांच्या मधल्या भागाला काही महत्त्व नसते, लोखंडाचा कीसदेखील तिथे फारसा चिकटत नाही. माझे बहुतेक आयुष्य मात्र याच मधल्या भागात चालले आहे. लोकांना वाटते की या आजारात माणूस सकाळी हसतो आणि संध्याकाळी रडतो. तसे नसते. उन्मादाची, म्हणजे बेफाम उत्साहाची, अवस्था निदान आठवडाभर टिकते, नैराश्याची निदान दोन आठवडे, आणि उपचार नसतील तर दोन्ही महिनोन् महिने चालू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2019 मध्ये जगात सुमारे 4 कोटी माणसांना हा आजार होता. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत तो झालेली मी एकटीच असेन, असे मला 14 वर्षांपूर्वी वाटत होते. आता वाटत नाही.

मधल्या भागाविषयी लिहिण्याआधी पूर कसा आला, ते सांगायला हवे.

मुलगी दोन वर्षांची असताना, 2010 च्या पावसाळ्यात, मी हळूहळू मिटत गेले. आधी भूक गेली, मग झोप पहाटे तीनलाच संपू लागली, मग दहावीच्या सराव परीक्षेच्या 43 उत्तरपत्रिका महिनाभर पिशवीतून बाहेरच आल्या नाहीत. एक उत्तरपत्रिका काढून बसले, तर पहिल्या प्रश्नाचे तेच एक वाक्य मी सात-आठ वेळा वाचत असे आणि त्यात काय लिहिले आहे ते मला लागत नसे. आंघोळीसाठी बादली भरून ठेवायची आणि पाणी निवेपर्यंत तिच्याकडे बघत बसायचे. सासूबाई म्हणायच्या, "नुसतं भिताडाकडं तोंड करून पडती. आमच्या येळला असली चैन कुठली?" त्यांचा राग मला येत नसे, कारण मलाही तेच वाटत होते. आळस हा शब्द घरात सर्वांत आधी मीच माझ्यासाठी वापरला होता. त्या दिवसांत जगणे नको, असेही मनात येऊन गेले. ते कोणाला सांगायचे असते, हेच मला माहीत नव्हते. आज 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी दूरध्वनी क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तो 2022 मध्ये सुरू झाला, आणि मी दरवर्षी शाळेच्या फलकावर एका कोपऱ्यात तो लिहून ठेवते.

ज्या डॉक्टरांकडे आम्ही प्रथम गेलो, त्यांनी नैराश्यावरच्या गोळ्या दिल्या. त्यात त्यांचे काही चुकले, असे तेव्हा कोणालाच वाटले नसते, कारण समोर नैराश्यच बसलेले होते. मात्र पूर्वी कधी झोपेविना उत्साहाचे दिवस आले होते का, घरात कोणाला असे काही झाले होते का, हे त्यांनी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. माझे एक काका तरुणपणी तीन महिन्यांत दोन धंदे सुरू करून दोन्ही बुडवून बसले होते. आमच्या माहेरी ती गोष्ट गमतीने सांगितली जात असे. बायपोलर असलेल्या माणसाला मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाविना नुसती नैराश्यावरची गोळी दिली, तर तो उन्मादाकडे ढकलला जाऊ शकतो, हे मला पुढे कळले. गोळ्या अधूनमधून घेत, सोडत वर्ष काढले आणि 2011 च्या उन्हाळ्यानंतर मी बरी झाले. मग बरीपेक्षा जास्त बरी झाले.

या टप्प्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचे आहे, कारण घरात त्या वेळी आनंदीआनंद होता. मी पहाटे तीनला उठून तांब्यापितळेची सगळी भांडी चिंचेने घासून उन्हात मांडत असे. शाळेत जाण्याआधी दोन भाज्या, आमटी आणि चाळीस भाकरी होत. चाळीस कशासाठी, हे कोणी विचारले नाही, कारण भाकरी शेजारी वाटल्या जात होत्या. ज्या सासूबाईंनी वर्षभर आळशी म्हटले होते, त्याच गल्लीत सांगत होत्या, "सुनंचा उरक बघा माझ्या." शाळेत मी शनिवार-रविवार मोफत जादा तास जाहीर केले आणि मुख्याध्यापकांनी सभेत माझे कौतुक केले. कोल्हापुरात कौतुकाचा सर्वांत मोठा शब्द 'नादखुळा' हा आहे, आणि तो मला एका सहकाऱ्याने त्याच सभेत बहाल केला. एखाद्या गोष्टीच्या नादाने खुळे होणे हा जिथे गुण मानला जातो, तिथे खरोखरच खुळावत चाललेल्या माणसाकडे कोणाचे लक्ष जावे? त्यातून ती बाई असेल आणि तिचे खुळ घरकामाच्या रूपाने बाहेर पडत असेल, तर ते सद्गुण म्हणूनच खपते.

त्या नवरात्रात पाणी पात्राबाहेर पडले. गुजरीतून उधारीवर चार तोळे सोने आणले, ओटी भरण्यासाठी अकरा साड्या घेतल्या, आणि यजमानांनी नव्या लेथसाठी साठवलेल्या रकमेतले 1 लाख 80 हजार रुपये एका अशा माणसाला दिले, ज्याच्याबरोबर मी शिकवणीवर्गांची साखळी काढणार होते. अष्टमीच्या रात्री अंबाबाईची नगरप्रदक्षिणा असते. त्या मिरवणुकीमागे मी अनवाणी चालत गेले ती घरी परतलेच नाही. पहाटे भवानी मंडपात अनोळखी बायकांना मी आवर्त सारणी आणि देवीची रूपे यांचा संबंध समजावून सांगत होते. त्यांतल्या दोघी माझ्या पाया पडल्या, असे मला अंधूक आठवते. अंगात वारे आले आहे, असे कोणीतरी म्हणाले आणि कोणीतरी माझ्या कपाळाला हळद-कुंकू लावले. त्या बायकांच्या भक्तीची मी चेष्टा करत नाही. त्यांनी माझ्याभोवती कडे केले आणि घरचे येईपर्यंत मला एकटे सोडले नाही. पण माझी वाचा थांबत नाही आणि डोळे ठरत नाहीत, हे ओळखले ते माझ्या थोरल्या बहिणीने. दसऱ्यानंतर मी एका खासगी रुग्णालयात 19 दिवस होते आणि तिथे पहिल्यांदा हे नाव आमच्या कानावर पडले.

रुग्णालयातून मी घरी आणले ते लिथियम. सोडियम व्हॅल्प्रोएट हे दुसरे प्रचलित औषध मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना शक्यतो देत नाहीत, कारण त्याने गर्भाला गंभीर अपाय होऊ शकतो. म्हणून डॉक्टरांनी माझ्यासाठी लिथियम निवडले. मूड सावरणाऱ्या औषधांत ते सर्वांत जुने. मेलबर्नच्या परिसरातील एका रुग्णालयात काम करणाऱ्या जॉन केड या मानसोपचारतज्ज्ञाने 1949 मध्ये उन्मादाच्या रुग्णांवरील त्याचा परिणाम प्रसिद्ध केला; अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळायला 1970 उजाडले. ते खाणीतून निघणारे एक साधे मूलद्रव्य आहे, त्याचा रोजचा खर्च चहाच्या एखाद्या कपाएवढा असतो, आणि ते नेमके कसे काम करते, हे अजून पूर्णपणे उलगडलेले नाही. विज्ञानाच्या शिक्षिकेला हे शेवटचे वाक्य सुरुवातीला फार टोचले.

दहावीच्या विज्ञानात मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचा धडा आहे. त्यात डोबेरायनरची त्रिके येतात: समान गुणधर्मांची तीन मूलद्रव्ये अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने मांडली, तर मधल्याचे वस्तुमान पहिल्या आणि तिसऱ्याच्या सरासरीएवढे भरते. उदाहरण ठरलेले आहे. लिथियम 6.9, सोडियम 23.0, पोटॅशियम 39.1. दरवर्षी मी हे तीन आकडे फळ्यावर लिहिते, आणि दरवर्षी लिहिताना माझा हात किंचित कापतो, कारण हाताची बारीक थरथर हा लिथियमचाच परिणाम आहे. लिथियमचे स्पेलिंग लिहिताना लिथियमनेच हात कापावा, ही गंमत मला अजून कोणाला सांगता आलेली नाही. एकदा दुसऱ्या बाकावरच्या मुलाने विचारले, "बाई, ह्याचं काम काय असतंय?" मी म्हटले, "मोबाइलच्या बॅटरीत असतं." ते खरेच होते.

त्या त्रिकाने मला एकदा चांगलाच धडा दिला. 2014 च्या नवरात्रात, तीन वर्षे नीट गेल्याबद्दल देवीचे उतराई व्हावे म्हणून मी नऊ दिवस केवळ फळे आणि पाणी यांवर राहण्याचे ठरवले. मीठ नाही, साबुदाण्याची खिचडीही नाही. सातव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. हाताची बारीक थरथर आता एवढी वाढली की पेला तोंडापर्यंत जाईना, जीभ जड झाली, आणि न्हाणीघराकडे जाताना मी दारूड्यासारखी भिंत धरून चालले. रक्तातील लिथियम 1.7 निघाले. माझ्यासाठी ते 0.6 ते 0.8 मिलीमोल प्रति लिटर यांच्या दरम्यान असणे अपेक्षित आहे, 1.5 च्या पुढे विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. दोन दिवस सलाईनवर काढावे लागले. कारण वर्गात शिकवण्याएवढे सोपे होते. लिथियम आणि सोडियम आवर्त सारणीच्या एकाच गणातली, आणि मूत्रपिंडाला त्या दोघांतला फरक फारसा कळत नाही. शरीरात मीठ किंवा पाणी कमी पडले की मूत्रपिंड मिठातले सोडियम धरून ठेवते आणि त्याच्याबरोबर लिथियमही धरून ठेवते. डॉक्टरांनी हे मला पहिल्याच भेटीत सांगितले होते. दरवर्षी शंभर मुलांना ते तीन आकडे पाठ करायला लावणाऱ्या बाईच्या ते डोक्यात शिरले नाही. दोष द्यायचा तर तिलाच द्यावा लागेल.

त्यानंतरच्या नवरात्रात सासूबाईंनी स्वतः माझ्यापुढे मीठ घातलेली वरीची खिचडी आणि दाण्याची आमटी ठेवली. मी घुटमळले, तशा म्हणाल्या, "आंबाबाई काय मिठावर रुसती व्हय? खा गप." मग त्यांनी समोर बसून मला ते संपवायला लावले. मनोविकाराविषयी त्यांना कोणी काही शिकवले नव्हते. रुग्णालयातल्या दोन दिवसांत त्यांनी एवढेच पाहिले होते की सून मिठावाचून पडली. आज त्यांचे वय 78 आहे, आणि रात्री नऊ वाजता माझ्या गोळ्यांची डबी आणि पाण्याचा तांब्या त्यांच्याच हातून येतो.

आता रोजचे जगणे. त्यात सांगण्याजोगे फार नाही, आणि ते तसे असावे यासाठीच एवढा खटाटोप आहे. पावणेसहाला उठायचे, सुट्टीच्या दिवशीही पावणेसहालाच. शाळेत लिटरभर पाण्याची बाटली न्यायची आणि मधल्या सुट्टीत ती भरून घ्यायची, कारण तहान फार लागते आणि लघवीला वारंवार जावे लागते. स्टाफरूममध्ये कपबशीऐवजी दांड्याच्या मोठ्या मगात अर्धाच चहा घ्यायचा. बशीत चहा हिंदकळला की कोणीतरी हाताकडे पाहतेच. पाठ धरली तर औषधाच्या दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घ्यायचे नाही, कारण त्या गोळ्यांनीही लिथियम वाढते. ही दोन नावे चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवली आहेत, म्हणजे दुकानदाराशी वाद घालावा लागत नाही. रात्री नऊला गोळ्या, दहाला दिवा बंद. दर काही महिन्यांनी रक्त तपासायचे, आणि तेही शेवटच्या गोळीनंतर बरोबर बारा तासांनी. सकाळी नऊला मी राजारामपुरीतल्या प्रयोगशाळेच्या बाकावर असते. लिथियमबरोबर थायरॉइड आणि मूत्रपिंडाचे काम कळावे म्हणून क्रिएटिनिनही पाहतात. 2016 पासून माझी थायरॉइड ग्रंथी मंदावली आहे, तोही या औषधाचाच परिणाम, आणि खरे सांगायचे तर त्याचा मला उपयोगच झाला. शेजारीपाजारी मला 'थायरॉइडचा त्रास' आहे. हे अर्धसत्य एवढे सोयीचे आहे की ते मोडायला मन होत नाही.

रोजच्या नोंदीसाठी शंभर पानी वही आहे. तीत तीनच रकाने: किती वाजता झोपले, किती वाजता उठले, आणि दिवस कसा गेला याला उणे तीन ते अधिक तीन यांमधला एक आकडा. पहिले दोन रकाने यजमान भरतात, तिसरा मी. सुरुवातीला तिसरा रकानाही तेच भरू लागले होते आणि त्यावरून आमचे कडाक्याचे भांडण झाले. माझ्या मनाचा आकडा माझा, एवढे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतले. पुढे ध्यानात आले की चढतीच्या काळात माझा आकडा नेहमी चुकतो. मी स्वतःला अधिक एक देते तेव्हा शेजारच्या रकान्यातली झोप साडेचार तासांवर आलेली असते. खोटे बोलायचे माझ्या मनातही नसते. त्या काळात मला तसेच दिसते. म्हणून आमच्या घरात झोपेचा आकडा माझ्या शब्दापेक्षा वरचा मानला जातो, आणि हे मान्य करायला मला चार वर्षे लागली. उतरतीच्या दिवसांना मात्र पुराची ही भाषा पुरत नाही. तेव्हा कोणतीच पातळी वाढत नाही, कोणताच भोंगा वाजत नाही. वहीत उणे एक, उणे एक, उणे दोन असे आकडे निमूटपणे एकाखाली एक येत राहतात.

वहीच्या शेवटच्या पानावर मी बरी असताना माझ्याच हाताने लिहून ठेवलेला मजकूर आहे. धोका पातळी आली तर एटीएम कार्ड बहिणीकडे द्यावे, फोनमधले पैसे पाठवण्याचे अ‍ॅप काढून टाकावे, दुचाकीची किल्ली लपवावी, डॉक्टरांना फोन करावा आणि मी कितीही पटण्यासारखे बोलले तरी माझे ऐकू नये. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 ने प्रत्येक सज्ञान माणसाला असा आगाऊ निर्देश देण्याचा आणि आपला प्रतिनिधी नेमण्याचा रीतसर अधिकार दिला आहे. आमचा कागद घरगुती आहे, पण त्यामागची कल्पना तीच. प्रतिनिधी म्हणून मी यजमानांऐवजी बहिणीचे नाव लिहिले. त्यांना ते लागले असावे, परंतु ज्याने रोज माझी झोप मोजायची, त्यानेच मला रुग्णालयात पोचवायचे, असे दोन्ही भार एकाच माणसावर टाकणे मला बरे वाटले नाही.

2019 च्या ऑगस्टमध्ये ही सगळी व्यवस्था एकदम कसाला लागली. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेले, महामार्ग बंद झाला, गावात बाहेरून काही येईना. उपसा केंद्रे बुडाल्याने नळ कोरडे पडले आणि पुराने वेढलेल्या शहरात टँकरच्या पाण्यासाठी रांगा लागल्या. माझ्याकडे चार दिवसांच्या गोळ्या होत्या आणि प्यायचे पाणी मोजून मिळत होते, म्हणजे लिथियम संपण्याची भीती एकीकडे आणि रक्तात वाढण्याची भीती दुसरीकडे. यजमान तीन पेठा पायी फिरले, तेव्हा एका दुकानात दोन पट्ट्या मिळाल्या. तेव्हापासून महिनाभराचा जादा साठा एका डब्यात असतो.

पण पाण्यापेक्षा मला आठवते ती आमची शाळा. वर्गांत पूरग्रस्त कुटुंबे उतरली होती, माझे काही विद्यार्थी आपल्याच बाकांवर अंथरूण घालून निजत होते. पेठेतली तालमीची पोरे रात्रंदिवस राबत होती, सहकारी शिक्षक दोन-दोन रात्री घरी गेले नव्हते. मी रोज रात्री पावणेनऊला पर्स उचलून घरी निघत असे. तिसऱ्या दिवशी एका सहकारी बाईंनी विचारले, "आजही जाताय?" त्यांच्या स्वरात राग नव्हता, नुसते आश्चर्य होते, आणि ते जास्त झोंबले. मला थांबायचे होते. थांबले असते तर मी सगळ्यांपेक्षा जास्त काम केले असते, दोन रात्री न झोपता चपात्या लाटल्या असत्या, याद्या केल्या असत्या, भाषणे दिली असती, आणि पुन्हा कोणीतरी मला नादखुळा म्हटले असते. नेमकी तीच भीती होती. साऱ्या गावाची झोप उडालेली असताना मी दहाला दिवा बंद करून पडून राहिले आणि बाहेर ट्रॅक्टरचे आवाज ऐकत राहिले. या आजाराने माझ्याकडून पैसा नेला, काही माणसे नेली, दुसरे मूल होऊ द्यायचे नाही असा निर्णय आम्हाला घ्यायला लावला. तरीही त्या चार रात्रींची लाज मला अजून जास्त सलते. डॉक्टर म्हणतात, लाज वाटण्याचे कारण नाही. त्यांचे बरोबर आहे, पण ते त्या वर्गांत नव्हते.

गणपती विसर्जनाचे सोपे आहे. आमच्या घरापासून मिरवणूक फार लांब नाही आणि कोल्हापूरची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, म्हणून त्या दोन रात्री मी कागलला बहिणीकडे जाते. लग्नांना दुपारच्या अक्षता टाकून परतायचे. लोक मला माणूसघाणी समजतात.

मुलीला आम्ही ती पंधरा वर्षांची असताना सगळे सांगितले. तिने दोनच प्रश्न विचारले. पहिला, मलाही होईल का? मी तिला खरे ते सांगितले: आईवडिलांपैकी एकाला हा आजार असेल तर मुलांना तो होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, पण अशा बहुतेक मुलांना तो होत नाही, आणि झालाच, तर ओळखायला आपल्या घरात एक वही आहे. दुसरा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. "मग तू खरी कशी आहेस? भांडी घासणारी, का पडून राहणारी, का ही?" मी म्हटले, बहुधा ही. त्यातला 'बहुधा' तिने ऐकला असावा. माझा उत्साह कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो, याची रेघ मला अजून आखता येत नाही. चांगली कल्पना सुचली, एखाद्या दिवशी तास रंगला, रंकाळ्यावर संध्याकाळी वारा अंगाला गोड लागला, की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो काल किती झोपले होते, हा. दुःखाची चौकशी सगळेच करतात; आनंदाचीही चौकशी करावी लागणे, ही या आजाराची मला वाटणारी सर्वांत मोठी किंमत आहे, आणि गोळ्यांच्या कोणत्याही चिठ्ठीवर ती छापलेली नसते.

गेल्या वर्षी मे महिन्यात तिचा दहावीचा निकाल लागला. विज्ञानात 100 पैकी 97. दुपारी एकला निकाल कळला आणि त्या रात्री मला झोप येईना. डोक्यात अकरावीचे प्रवेश, तिच्यासाठी टेबल, सगळ्या गल्लीला जेवण, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचे संमेलन असे एकामागून एक सुरू झाले. पहाटे उठून मी ओट्यावरच्या टाइल्स पुसत होते, तेव्हा यजमान दारात येऊन उभे राहिले. काही बोलले नाहीत. वही काढली आणि लिहिले: पाऊण ते साडेपाच, पावणेपाच तास. मग म्हणाले, "आज गल्लीत पेढे नको वाटूया. उद्या बघू." मुलगी चिडली. तिच्या सगळ्या मैत्रिणींच्या घरचे पेढे वाटून झाले होते. "आई, तुझा आनंदपण बारा तास थांबून तपासायचा काय?" ती म्हणाली, आणि मग स्वतःच हसली, आणि मी तिच्याबरोबर हसले, पण मनात ते हसणे किती वेळ चालले तेही मोजून पाहिले.

त्या रात्री नऊला गोळ्या घेतल्या आणि दहाला दिवा बंद केला. सकाळी वहीत सात तास दहा मिनिटे लिहिले गेले. मग सासूबाईंनी फ्रिजमधून पेढ्यांचे खोके काढले, आणि आम्ही तिघी मिळून पहिल्या घरापासून सुरुवात केली. पेढे जरा कडक झाले होते.